खिळे गेले, धूळ गेली, घसरण उरली

जपानमधील सेंदाई शहरात १९८०च्या दशकात हिवाळ्यात नागरिक तोंडाला मास्क लावून फिरत. कारण होते मोटारींचे टायर. बर्फावर पकड मिळावी म्हणून त्यांत धातूचे खिळे बसवलेले असत. बर्फ वितळून रस्ता उघडा पडला की हेच खिळे डांबर खरवडत आणि त्याची भुकटी हवेत उडे. दहा मायक्रॉनहून बारीक कण नाकात पुरते अडत नाहीत, श्वासनलिकांत उतरतात. दमेकऱ्यांचे हाल सांगायला नकोत. अखेर १९९० मध्ये कायदा झाला. नेमलेल्या भागांत, बर्फ नसलेल्या रस्त्यांवर खिळ्यांचे टायर चालवायला मनाई झाली. रुग्णवाहिकांसारख्या काही वाहनांना सूट मिळाली.

खिळ्यांची जागा घेतली रबराने. हे काम सोपे नव्हते. बर्फ निसरडा असतो तो त्याच्या पृष्ठभागावरच्या पाण्यासारख्या अतिशय पातळ थरामुळे. मायकेल फॅरडे यांनी १८५०च्या सुमारासच हे सुचवले होते. तापमान शून्याच्या जवळ असते तेव्हा हा थर सर्वांत त्रासदायक, म्हणजे कडाक्याच्या थंडीपेक्षा वितळू लागलेला बर्फ अधिक धोक्याचा. दुसरीकडे, साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते. कडक रबर बर्फाच्या बारीक खाचखळग्यांत बसत नाही. म्हणून हिवाळी टायरच्या मिश्रणात पॉलीब्युटाडाइन घालतात, जे उणे १०० अंशांच्या आसपासपर्यंत काचेसारखे ठिसूळ होत नाही. काजळीच्या जोडीला सिलिका असते. राहिला पाण्याचा थर. ब्रिजस्टोन कंपनीने १९८८ मध्ये सूक्ष्म छिद्रांचे, स्पंजासारखे रबर असलेला ‘ब्लिझॅक’ टायर आणला. ती छिद्रे पाणी शोषून घेतात. टोयो कंपनीने तर रबरात अक्रोडाच्या कवचाचा चुरा मिसळला. अक्रोडाचा हा उपयोग कोणाला सुचला असता!

धूळ कमी झाली, पण किंमतही मोजावी लागली. खिळे बर्फ ओरबाडून खडबडीत ठेवत. मऊ रबराची फिरती चाके तोच बर्फ घासून आरशासारखा गुळगुळीत करतात. साप्पोरोत बंदीनंतर घसरून पडलेल्या आणि रुग्णवाहिकेने न्याव्या लागलेल्या पादचाऱ्यांची संख्या वाढली. वयस्कर माणसाचे खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घरात घडते तेच जाणे. कित्येकांचे चालणे पुन्हा पूर्वीसारखे होत नाही.

तरीही बंदी योग्यच होती. धुळीपासून श्वास घेणाऱ्या कोणाचीच सुटका नव्हती. घसरणे टाळता येते. पण ते टाळण्याचा भार एकट्या पादचाऱ्यावर टाकणे बरोबर नाही. टायर बदलायला लावणाऱ्या शासनानेच पदपथांचीही तितकीच काळजी घ्यायला हवी. साप्पोरोत आता चौकाचौकांत वाळूच्या पिशव्यांच्या पेट्या ठेवलेल्या असतात. पिशवी फाडून वाळू पसरायची ती मात्र चालणाऱ्यानेच.