गुप्तरोग, तरुण आणि भिवंडीचा माग

तरुणांमध्ये गुप्तरोगांचे प्रमाण किती, हा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो तो बहुधा उत्तर आधीच ठरवून. मोबाइल, चित्रपट, महाविद्यालयांतील मोकळेपणा आणि शेवटी ‘संस्कार कमी पडले’ हा निकाल, या वाटेने चर्चा जाते व तेथेच संपते. या चर्चेतील तरुण नेहमी पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयात शिकणारा असतो. भिवंडीत रात्रपाळीला एकाच वेळी सहा-आठ माग सांभाळणारा एकोणीस वर्षांचा मुलगा तिच्यात कधी येत नाही. वस्तुतः या रोगांचा प्रामाणिक विचार करावयाचा तर त्याची सुरुवात त्याच्यापासून व्हावयास हवी.

आधी आकड्यांचे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात १५ ते ४९ या वयोगटात परमा, उपदंश (आपल्याकडची ‘गरमी’), क्लॅमिडिया व ट्रायकोमोनास या चार रोगांची मिळून ३७ कोटी ४० लाख नवी लागण झाली. म्हणजे दिवसाला दहा लाखांहून अधिक. आणि हे चारही औषधाने पूर्ण बरे होणारे रोग आहेत. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना वर्षानुवर्षे जो आकडा सांगत आली तो प्रौढ लोकसंख्येच्या पाच ते सहा टक्क्यांचा आहे. त्यात प्रजननमार्गाचे इतर संसर्गही धरलेले आहेत. एचआयव्हीबाधितांची संख्या देशात पंचवीस लाखांच्या आसपास असून राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला लागतो.

परंतु दवाखान्याच्या नोंदवहीत जो येतो तोच मोजला जातो. क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना कसलाही त्रास जाणवत नाही. परम्याचेही बरेचसे तसेच. १९८९ साली डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील स्त्रियांची पाहणी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा शेकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग आढळला. त्यांपैकी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठ देखील नव्हत्या. खेड्यांत घरोघरी जाऊन पाहिले म्हणून हे कळले. दवाखान्यात बसून मोजले असते तर तीच खेडी निरोगी ठरली असती.

आता भिवंडीकडे वळू. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९८२ चा संप आपल्या वाचकांना स्मरत असेल. गिरण्यांचे कापड विणण्याचे काम त्याआधीच यंत्रमागांकडे सरकू लागले होते. संपानंतर त्याला वेग आला. गिरणीत निदान हजेरीपट होता, युनियन होती, विमा योजनेचा दवाखाना होता. भिवंडीच्या मागावर यांपैकी काहीच टिकले नाही. एकाच छपराखालचा कारखाना कागदोपत्री चार-पाच नावांत वाटला की कारखान्यांचा कायदा दाराबाहेर राहतो. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेला कामगार बिस्सीत जेवतो आणि दहा-बारा जणांच्या खोलीत झोपतो. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागी रात्रपाळीवाला आडवा होतो. वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी आलेला मुलगा बावीसाव्या वर्षी गावी जाऊन लग्न करतो आणि बायकोला आईबापांकडे ठेवून एकटाच परत येतो.

हे कोणाच्या स्वभावाचे फळ नव्हे. मालक मजुरी देतो ती एका माणसाची, एका कुटुंबाची नव्हे. मुले वाढविणे, म्हाताऱ्यांना सांभाळणे, आजारी कामगाराला पोसणे हा सारा खर्च शेकडो मैलांवरच्या गावाने उचलावयाचा, आणि शहराने फक्त त्याचे हात वापरावयाचे, असा हा हिशेब आहे. स्वस्त कापडामागचे हे अनुदान सरकारच्या कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. हनुमान टेकडीची वस्ती ही याच हिशेबाची तिसरी बाजू होय. तरुण पुरुषांना कुटुंबाविना वर्षानुवर्षे एका गावात कोंडून ठेवावे आणि मग त्याच गावात वेश्यावस्ती आहे म्हणून नाके मुरडावीत, हा ढोंगीपणा आहे. गेल्या दोन-तीन दशकांत नाशिक महामार्गाच्या व जुन्या आग्रा रस्त्याच्या कडेने गोदामे उभी राहिली. मागाची जागा काही अंशी हमालीने व ट्रकने घेतली. एकट्या तरुणांची संख्या घटली नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमाच्या भाषेत ट्रकचालक व स्थलांतरित कामगार यांना ‘सेतू लोकसंख्या’ म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे. सेतू म्हणजे ज्याच्यावरून काहीतरी पलीकडे जाते तो. म्हणजे चिंता पलीकडच्यांची, सेतूची नव्हे.

या मुलाला लघवीला जळजळ सुरू झाली, पू आला, की तो काय करतो? सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग प्रामुख्याने सकाळी चालतो. त्या वेळी तो एकतर मागावर उभा असतो किंवा रात्रभर उभा राहून झोपलेला असतो. रांगेत घालविलेला प्रत्येक तास मीटरमधून वजा होतो. उलट ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ असे भिंतीवर रंगविलेला वैद्य रात्री दहालाही उघडा असतो आणि नाव विचारत नाही. त्याच्याकडे किंवा औषधाच्या दुकानात दोन गोळ्या मिळतात. त्रास थांबतो, रोग थांबतोच असे नाही. अशा अर्धवट औषधोपचारांनी जगभर परम्याचा जंतू प्रथम पेनिसिलिनला, मग टेट्रासायक्लीनला, मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद देईनासा झाला. आता उरलेल्या औषधांचीही धार कमी होत आहे.

आणि गंमत अशी, की खरे औषध फुकट आहे. सरकारच्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणांप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची सात पाकिटे ठेवलेली असतात; परमा व क्लॅमिडियासाठी करड्या रंगाचे, जखमेसाठी पांढरे, असे. जोडीदारालाही औषध द्यावे असा नियम आहे. पण जोडीदार गोरखपूरजवळच्या एखाद्या खेड्यात असेल तर हा नियम पाकिटावरच राहतो. एका रोग्यावर उपचार न झाल्याची किंमत तो एकटा मोजत नाही, इतरही मोजतात. म्हणूनच साथीचे रोग बाजारावर सोडता येत नाहीत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकविले जाते. आपण मात्र औषध सरकारी ठेवले आणि वेळ बाजारावर सोडली.

सर्वांत मोठी किंमत ती गावाकडची बायको मोजते. तिची पहिली रक्ततपासणी बहुधा गरोदरपणात होते, कारण गरोदर स्त्रियांची एचआयव्ही व उपदंशासाठी तपासणी करण्याचा कार्यक्रम आहे. हा कार्यक्रम आवश्यकच आहे. उपदंशाने पोटातले मूल दगावते. परंतु घरात प्रथम रोगी ठरते ती तीच, आणि पहिला कागद जिच्या नावाचा, रोग तिनेच आणला असा निवाडा सासरी व्हायला वेळ लागत नाही. ब्रिटिशांनी १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा केला तो गोऱ्या सोल्जरांच्या प्रकृतीसाठी. त्यात सक्तीची तपासणी वेश्यांची होती, सोल्जरांची नव्हती. तो कायदा १८८८ मध्ये रद्द झाला; स्त्रीच्या शरीरात रोग शोधण्याची आणि पुरुषाला विसरण्याची खोड तेवढी राहिली.

ज्ञानाचे तरी काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एचआयव्हीविषयी पुरेशी व बरोबर माहिती असलेले पुरुष शंभरात सुमारे ३१ आणि स्त्रिया सुमारे २२ निघाल्या. र. धों. कर्वे यांनी गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा हे मराठीत पुस्तक लिहून सांगितले त्याला शंभर वर्षे झाली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले आणि त्यापायी खटले सोसले. त्यांच्या या महाराष्ट्राने २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीच्या नावाने थांबविला. त्यात २०१२ च्या पॉक्सो कायद्याची भर. अल्पवयीनांचे संरक्षण हा त्याचा हेतू योग्यच आहे, परंतु पोलिसांना कळविण्याच्या सक्तीमुळे सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने झालेल्या संबंधानंतर डॉक्टरकडे जाण्यास धजत नाही, हेही तितकेच खरे.

मार्ग नाही असे मात्र नाही. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून वेश्याव्यवसायातील स्त्रिया स्वतः संघटित झाल्या आणि त्यांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. निरोध वाटणे, गिऱ्हाइकाला तो वापरावयास लावणे, आजारी बाईला दवाखान्यात नेणे ही कामे त्यांनीच अंगावर घेतली. बाहेरून येऊन उपदेश करणाऱ्यांना जे जमले नाही ते एकमेकींच्या आधारावर उभ्या राहिलेल्या बायकांना जमले. कामगार चळवळीला ही गोष्ट नवी वाटू नये. पण यंत्रमाग कामगारांच्या मागण्यांच्या यादीत मजुरी व बोनस यांच्या शेजारी दवाखान्याची वेळ सहसा नसते, हे आपल्या बाजूचे उणे आहे. पुढाऱ्यांना या विषयाचा संकोच वाटतो, एवढेच त्याचे कारण.

धंदा मंदीत आहे, विजेचे दर परवडत नाहीत, २०१६ च्या नोटाबंदीने आणि २०१७ च्या जीएसटीने कंबर मोडली, असे मागमालक म्हणतील. लहान मालकाच्या बाबतीत ते खोटे नाही. त्याच्या अंगावर हा खर्च टाकावा असे कोणी म्हणत नाही. खर्च राज्य शासनाचा आणि भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेचा आहे, आणि ज्या बड्या कंपन्यांची गोदामे या तालुक्यात आहेत त्यांचाही काही वाटा त्यात असावयास हरकत नाही. दोन पाळ्या बदलतात त्या वेळेला धरून सकाळी व रात्री उघडे राहणारे दवाखाने, बिस्सीत जाऊन बोलणारा आणि कामगाराची भोजपुरी व तेलुगू समजणारा आरोग्यसेवक, गावी जाताना पती-पत्नी दोघांसाठी द्यावयाचे औषध व तेथील केंद्राच्या नावाची चिठ्ठी, आणि प्रत्येक माग-कामगाराला राज्य विम्याचे ओळखपत्र: येत्या अर्थसंकल्पाच्या वेळी कामगार संघटनांनी मागावयाचे ते हे आहे.