खाडीतले शिकारी

डोंबिवलीहून ठाण्याला स्लो लोकलने गेलात तर मुंब्रा-कळव्याकडे खाडी दिसते ना? वास आला की आपण नाक दाबतो! पण त्याच पाण्यात असंख्य शिकारी फिरत असतात. त्यांचं नाव बॅक्टेरिओफाज, म्हणजे जीवाणू खाणारे. आपण नुसतं फाज म्हणू या.

फाज हे विषाणू. सर्दीचे विषाणू आपल्याला छळतात, हे मात्र फक्त जीवाणूंच्या मागे. फाज जीवाणूला चिकटतो आणि इंजेक्शन दिल्यासारखी आपली जनुकं आत सोडतो. मग तो बिचारा जीवाणू स्वतःचं काम सोडून फाजच बनवत बसतो! थोड्याच वेळात तो फट्‌दिशी फुटतो आणि शंभरेक नवे फाज बाहेर.

१८९६ साली आग्र्याच्या अर्नेस्ट हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहिलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू काही तासांत मरतात. पाणी उकळलं, की ही शक्ती गायब! कारण त्याला सापडलं नाही. तो फाजचाच प्रताप असावा, असं आज बरेच जण मानतात. १९१७ मध्ये फेलिक्स देरेलने पॅरिसमध्ये फाज ओळखले, त्यांना नाव दिलं आणि १९२७ साली कॉलऱ्याच्या रुग्णांवर ते वापरून पाहायला तो भारतातही आला. पुढे पेनिसिलिन आलं नि बहुतेक जग फाज विसरलं. जॉर्जियातल्या तिबिलिसीने मात्र हे काम चालू ठेवलं.

मग आता आठवण का झाली? अँटिबायोटिक्सना दाद न देणारे जंतू वाढलेत, म्हणून. २०१५ साली टॉम पॅटरसन हे अमेरिकन प्राध्यापक इजिप्तमध्ये आजारी पडले. एकही औषध चालेना, ते कोमात गेले. त्यांच्या पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी साथरोगतज्ज्ञ. त्यांनी फाजवर काम करणाऱ्यांना गाठलं. मार्च २०१६ मध्ये सांडपाण्यातून वगैरे मिळवलेले फाज शुद्ध करून पॅटरसन यांना दिले. काही दिवसांत त्यांनी डोळे उघडले! ऑगस्टमध्ये ते घरी गेले.

पण प्रत्येक फाजची आवड ठरलेली असते. टायफॉइडच्या जंतूचा शत्रू न्यूमोनियाच्या जंतूकडे ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे पोटातले चांगले जीवाणू वाचतात, पण रुग्णासाठी नेमका फाज शोधावा लागतो. खरी मेख तीच. प्रयोगशाळेत बशीत जंतूंचा थर वाढवतात, त्यावर बारीक गाळलेल्या पाण्याचा थेंब टाकतात. दुसऱ्या दिवशी थरात स्वच्छ ठिपका दिसला, की शिकारी सापडला!

आणि हो, म्हणून कुणी खाडीचं पाणी पिऊ नका हं. त्यात शिकारीच नाही, शिकारही भरपूर असते!