एकाला बक्षीस, बाकीच्यांची वेठ

गुलमंडीतल्या एखाद्या कापडवाल्याने दहा शिंप्यांकडून रात्रभर कपडे शिवून घेतले, सकाळी एकालाच शिलाई दिली आणि दहाही कपडे ठेवून घेतले, तर साऱ्या पेठेत बोभाटा होईल. कंपन्यांच्या पैशावर भरणाऱ्या काही हॅकेथॉनांत नेमका हाच व्यवहार प्रतिभेचा उत्सव म्हणून मिरवतो. १९९९ साली कॅलगरीत ओपनबीएसडीचे प्रोग्रामर या नावाने जमले, तेव्हा त्यांची रचना सर्वांना खुली होती. २०१७ साली केंद्र सरकारच्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनने ३६ तासांच्या अखंड बैठकीला राजमान्यता दिली. विद्यार्थी हौसेने जातात, पुष्कळ शिकतात. हे नाकारण्याचे कारण नाही. सगळेच आयोजक हक्क मागतात असेही नाही. पण जे मागतात, ते प्रवेशाच्या अटींतच मागतात आणि त्या अटी घाईत कोणी वाचत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेली आज्ञावली प्रथमतः त्याचीच असते. लेखी सहीवाचून ती हस्तांतरित होत नाही. हस्तांतराच्या लेखात मोबदला नमूद व्हावा, असे कलम १९ सांगते. रात्रीचे जेवण आणि छापील टी-शर्ट यांना मोबदला म्हणावयाचे काय? विद्यार्थी संघटनांनी हे कलम सोप्या मराठीत छापून नोंदणीपूर्वीच मुलांच्या हाती द्यावे.