दुसऱ्या माणसाचं काय?

गेल्या आठवड्यात जाऊबाईंना हॉस्पिटलमधून घरी आणलं. घर कोपरलाच, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, पण बिनलिफ्टच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीतल्या चार मुलांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं. खुबा मोडला होता. ऑपरेशन छान झालं, मेडिक्लेमनं बिलही बऱ्यापैकी दिलं. प्रश्न आहे तो पुढच्या महिन्यांचा. ते बिल कुणीच देत नाही.

(जाऊबाईंना विचारूनच लिहिते आहे. "लिही, कुणाला तरी उपयोग होईल," म्हणाल्या.)

मंडळी, ही गोष्ट खरं तर २०१८ पासूनची. भाऊजींना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि ते चार वर्षं अंथरुणाला खिळले. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आयुष्य गेलेलं, फंड आणि ग्रॅच्युइटी बँकेत ठेवलेली. ब्युरोची चोवीस तासांची बाई ठेवली, दिवसाला आठशे रुपये. म्हणजे महिन्याला चोवीस हजार. डायपर, औषधं, भाड्याचा पलंग मिळून सहा हजार. फिजिओथेरपीचे पाच. झाले पस्तीस हजार. वर्षाचे चार लाख वीस हजार, चार वर्षांचे जवळजवळ सतरा लाख! २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि बाई येईना, तेव्हा ते काही महिने पैसे वाचले. पण ते वाचवले कुणी? सत्तरीच्या जाऊबाईंनी, स्वतःच्या कमरेवर.

भाऊजी २०२२ मध्ये गेले. मागे उरले दोन लाख आणि फंडाची विधवा पेन्शन, तीही दोन हजारांच्या आत. आणि आता त्याच पलंगावर जाऊबाई आहेत.

म्हातारपणाची तरतूद म्हटलं की आपण ऑपरेशनचा विचार करतो. त्यासाठी निदान काही आहे. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण तेही हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्यावर. घरी कूस वळवायला, न्हाऊ घालायला, रात्री उठून पाणी द्यायला लागणारं माणूस त्यात बसत नाही. जर्मनीनं १९९५ मध्ये आणि जपाननं २००० मध्ये नेमका यासाठीच सक्तीचा विमा सुरू केला. जपानात माणूस चाळिशीपासून त्याचा हप्ता भरतो. आपल्याकडे हा विमा म्हणजे घरातली बाई. आधी बायको, मग सून किंवा लेक. तिला पगार नाही, रजा नाही, आणि हिशेबात तर ती कुठेच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की नवरा-बायकोची पुंजी एक धरली की ती पहिल्या आजाऱ्यावर संपते. दुसरं माणूस, बहुतेक वेळा बायको, रिकाम्या हातानं उरतं. तेव्हा दुसऱ्याचा वाटा आधीच वेगळा काढून ठेवावा, दुसऱ्याच्याच नावावर. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत २०२३ पासून प्रत्येकाला तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, नवऱ्याला वेगळे आणि बायकोला वेगळे. तीस लाख कुणाकडे आहेत म्हणा! पण पाच असले तरी ते तिचे असावेत.

आणि घर हा शेवटचा आधार. ते हयातीत मुलांच्या नावावर करायची घाई नको. करायचंच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहून घ्यावी. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून घेता येतं. मुलांवर अविश्वास म्हणून नाही हो. माझी मुलंही हे वाचणार आहेत, त्यांनी राग मानू नये.

यावर कुणी म्हणेल, नवरा अंथरुणावर असताना बायकोनं काय पैसे मोजायचे? मी हेच जाऊबाईंना विचारलं. म्हणाल्या, "अगं, बाई कमी तासांची ठेवावी असं कितीदा मनात आलं. पण लोक म्हणतील, नवऱ्यासाठी हात आखडला." भाऊजींना शेवटी बोलताच येत नव्हतं. बोलता येत होतं तेव्हा हा विषय कुणी काढला नाही. म्हणून हे बोलायचं ते धडधाकट असतानाच, आणि बोलायचं ते स्वतःच्या आजारपणाबद्दल.

परवा रात्री जेवणं झाल्यावर मी वही काढली. मी आधी गेले तर ह्यांना माझ्या शेवटच्या मूळ वेतनाच्या तीस टक्के कुटुंब निवृत्तिवेतन आणि वर महागाई भत्ता मिळेल. हे आधी गेले तर माझी पेन्शन चालू राहीलच, पण ह्यांची स्वतःची पेन्शन जेमतेम. म्हणजे आमच्याकडे काळजी ह्यांची जास्त. ह्यांना ते पटेना. "मला काय होतंय?" म्हणाले. मग मी माझ्यापुरतं लिहून खाली सही केली: माझ्या आजारपणावर इतक्यापर्यंतच खर्च करावा, ह्यांच्या नावच्या ठेवीला हात लावू नये. ह्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि उठून गेले. काल सकाळी वही उघडली तर माझ्या सहीखाली ह्यांचीही चार ओळी होत्या.

असो. आता जाऊबाईंकडे जायची वेळ झाली. आम्ही घरच्यांनी पाळ्या लावल्या आहेत, माझी दुपारची.

तुमच्या घरी हे बोलणं झालं आहे का? जरूर कळवा.