रुळाला रूळ जोडताना



दर उन्हाळ्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न ठरलेला असतो : सुट्टीत मुलांच्या हातातला मोबाईल सुटत नाही, काय करावं? उपदेशाने तो सुटत नाही, हे मी माझ्याच घरात पाहिलं आहे. म्हणून या वेळी उपदेश नाही. गेल्या सुट्टीत आमच्या ताडकळसच्या गल्लीत एक रेल्वे धावली, तिची हकिकत सांगते.

सुरुवात पुण्यात झाली. नणंदेकडे गेलो असताना ती मुलांना कोथरूडला, कर्वे रस्त्याजवळच्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात घेऊन गेली. भाऊसाहेब जोशी यांना लहानपणापासून आगगाड्यांचा नाद. आधी त्यांनी आपल्या गाड्यांचं फिरतं प्रदर्शन भरवून पाहिलं. पण एवढा पसारा दर वेळी मांडायचा आणि पुन्हा उचलायचा म्हणजे जिवाचा आटापिटा. शेवटी त्यांनी कायमची जागा केली आणि 1 एप्रिल 1998 रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडलं. आत एक पूर्ण शहर आहे. डोंगर, बोगदे, पूल, सर्कस, सिग्नल, आणि या सगळ्यांतून एकाच वेळी धावणाऱ्या गाड्या. मग खोलीतला उजेड कमी होतो, शहरात रात्र होते आणि घराघरांत दिवे लागतात. माझा धाकटा, जो एरवी पाच मिनिटं एका जागी बसत नाही, तो कठड्याला चिकटून उभा राहिला.

घरी निघताना नणंदेने तिच्या मोठ्या झालेल्या मुलाचा जुना संच दिला : एक इंजिन, तीन डबे, थोडे रूळ. हा संच ‘एचओ’ मापाचा. म्हणजे खऱ्या वस्तूच्या 87 वा भाग. साडेपाच फुटांचा माणूस या मापात दोन सेंटिमीटरही भरत नाही. आपल्या रेल्वेचा निळा डबा साधारण 21 मीटरचा, तो होतो साडेचोवीस सेंटिमीटरचा. मुलांनी पाटी-पेन्सिल घेऊन घरातल्या सगळ्या वस्तूंना 87 ने भागायला सुरुवात केली. गणिताच्या शिकवणीला कंटाळणारी हीच मुलं!

पण खरा प्रश्न पुढे होता. या मापात एक किलोमीटरचा रूळ मांडायचा तर साडेअकरा मीटर जागा लागते. एवढं घर कुणाचं आहे? ही अडचण जगभरच्या छंदिष्टांची आहे आणि त्यावरचा तोडगाही त्यांनीच काढला. लंडनमधला मॉडेल रेल्वे क्लब 1910 पासून चालतो. अशा क्लबांत पुढे एक पद्धत रुळली. अख्खी रेल्वे एकाने बांधायची नाही. प्रत्येक सभासदाने आपापल्या घरी एक फळी करायची आणि प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्या फळ्या एकमेकींना जोडायच्या. अमेरिकेत 1970 च्या दशकात सुरू झालेल्या ‘एनट्रॅक’ पद्धतीत तर साधी फळी चार फूट लांब आणि दोन फूट रुंद, हेही ठरवून दिलेलं आहे. फळीवर तुम्ही डोंगर करा, शेत करा, बाजार करा. तुमची मर्जी. नियम फक्त कडेला : रूळ कडेपासून किती अंतरावर येणार आणि जमिनीपासून किती उंचीवर, हे सगळ्यांचं सारखं.

आमच्या गल्लीत क्लब नव्हता, पण चार घरं होती. दोन आमच्या नात्यातली, एक समोरच्या पाटलांचं, एक शिवणकाम करणाऱ्या बाजींचं. चार घरांतल्या नऊ मुलांनी चार फळ्या वाटून घेतल्या.

खर्चाचं आधी सांगते, कारण इसराफचा, म्हणजे उधळपट्टीचा प्रश्न आपल्या घरांत पहिला निघतो आणि निघायलाच हवा. तयार परदेशी इंजिन घ्यायला गेलं तर हजारांत जातं. ते आम्ही घेतलंच नाही. जास्तीचे रूळ तेवढे पुण्याहून मागवले, त्यांची वर्गणी चारही घरांनी भरली. बाकी सगळं घरातलं. सुताराकडून प्लायवूडचे उरलेले तुकडे आणले. उकळून झालेली चहापत्ती उन्हात वाळवली, ती पसरली की हुबेहूब आपली काळी माती. पऱ्हाटीच्या बारीक फांद्यांना वाळलेल्या घोसाळ्याची जाळी तोडून चिकटवली, बाभळी झाल्या. रुळाखालच्या खडीसाठी वाळू चाळणीने चाळली, त्यावर निम्मं पाणी घातलेला फेविकॉल आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. साबणामुळे पाणी वाळूत नीट मुरतं. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचं स्टेशन झालं. आमच्या लग्नाची पत्रिका आता मालधक्क्याचं छप्पर आहे.

विजेबद्दल आयांनी निर्धास्त राहावं. संचाबरोबर अडॅप्टर येतो, तो रुळांना फक्त 12 व्होल्टचा एकदिश प्रवाह देतो. एक रूळ धन, दुसरा ऋण. धातूच्या चाकांमधून वीज इंजिनातल्या मोटारीला पोहोचते. तारा उलट्या केल्या की गाडी उलटी चालते. घरातल्या बोर्डाची वीज मात्र थेट रुळांना कधीही जोडू नये, हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावून सांगा. गाडी अडखळली तर बहुतेक वेळा दोष धुळीचा असतो. फडक्याला थोडं स्पिरिट लावून रूळ पुसायचे. आमच्याकडच्या मे महिन्यात हे काम दिवसातून दोनदा.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिच्याकडे येते.

माझे सासरे पूर्णेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर ते ताडकळसला आले. सासूबाई गेल्यापासून त्यांचं बोलणं ‘हूं’ आणि ‘नको’ एवढ्यावर आलं होतं. पाच वक्त नमाज, दोन वेळचं जेवण, बाकी वेळ ओसरीतली बाज. आम्ही त्यांची सगळी सेवा करत होतो. फक्त त्यांना काही विचारत नव्हतो.

मुलं ओसरीत फळीवर रूळ ठोकत होती. बाजेवरून आवाज आला, “बेटा, ये तो बडी लाईन है. पूर्णा में पहले छोटी लाईन थी.”

मुलं थांबली. दादाअब्बा बोलले होते.

मग त्यांनी सांगितलं ते मलाही नीट माहीत नव्हतं. निजामाच्या राज्यात, 1900 च्या सुमारास, मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत जी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे झाली ती मीटरगेज. दोन रुळांत बरोबर एक मीटर. ब्रॉडगेजमध्ये हेच अंतर 1676 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. आमच्या भागातला मुख्य मार्ग नव्वदच्या दशकात मोठा झाला, पण पूर्णा-अकोला मार्ग 2008 पर्यंत छोटाच राहिला. म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ पूर्णेला एका बाजूला मोठी लाईन आणि दुसऱ्या बाजूला छोटी. इकडचा प्रवासी उतरून तिकडे चढायचा, पण इकडचा डबा तिकडे जाऊ शकत नव्हता.

मुलांनी विचारलं, इंजिन कोणतं? उत्तर तयार होतं. सवारी गाडीला वायपी : पुढे चार लहान चाकं, मध्ये सहा मोठी, मागे दोन. मालगाडीला वायजी : पुढे दोन, मध्ये आठ, मागे दोन. अजंता एक्सप्रेस छोट्या लाईनवरच धावायची. हे सांगताना त्यांचा उजवा हात पान्याने नट आवळल्यासारखा फिरत होता. वाफेची इंजिनं बंद झाली, मग छोटी लाईन गेली, शेडमधले सोबतीही एकेक करून गेले. जे काम त्यांनी आयुष्यभर केलं ते पाहायला आता कुठे जायचं? आणि ते काम काय होतं हे त्यांना विचारणारं घरात कुणी नव्हतं. मी सतरा वर्षं या घरात आहे. मीही नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमच्या फळीचा नकाशा बदलला. संचाचे रूळ बडी लाईन म्हणून राहिले, त्यांवर गाडी धावणार. शेजारी सायकलच्या जुन्या आऱ्यांची एक छोटी लाईन टाकली, बारा मिलिमीटर रुंद, नुसती उभी. तिच्यावर पुठ्ठ्याचं वायपी. चाकं दादाअब्बांनी स्वतः मोजून घेतली. मुलं मागची एक जोडी विसरली म्हणून इंजिन दोनदा परत गेलं.

एक वाद झाला तोही सांगायला हवा, कारण तुमच्याही घरी होईल. बाजींच्या मुलीने चिकणमातीचे छोटे प्रवासी केले होते. एका चाचींनी हरकत घेतली, माणसांच्या मूर्ती घरात नकोत. हजरत आयशा (र.अ.) यांच्याकडे बाहुल्या होत्या ही हदीस प्रसिद्ध आहे आणि मुलांच्या खेळण्यांबाबत अनेक उलेमा सवलत देतात. काहींचं मत वेगळं आहे. ज्याने त्याने आपल्या इमामसाहेबांना विचारावं. आम्ही चाचींचं मन राखलं. फलाटावर बाकडी ठेवली, वळकट्या, पाण्याचा माठ, पत्र्याची पेटी ठेवली, माणूस एकही नाही. प्रदर्शनात कुणीतरी विचारलं, “प्रवासी कुठे गेले?” ती मुलगी म्हणाली, “नमाजला गेलेत, गाडी थांबवून ठेवलीय.”

प्रदर्शन ठरलं बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या अंगणात मांडव टाकून. ईदच्या आधी चारही फळ्या पहिल्यांदा एकत्र आणल्या आणि सगळी मेहनत वाया जाते की काय असं वाटलं. जोडावर इंजिन घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. पाटलांची फळी दोन मिलिमीटर खाली होती. लगेच सुरू झालं : तुमच्यामुळे, नाही तुमच्यामुळे. त्यांचा मुलगा फळी उचलून घरी निघाला. नऊ मुलांची महिन्याची मैत्री दोन मिलिमीटरवर अडली होती.

दादाअब्बा बाजेवरून उठून आले. त्यांनी त्या मुलाला नावाने हाक मारली आणि फळी परत ठेवायला सांगितली. मग खाली वाकून जोडाशी डोळा लावला. म्हणाले, खऱ्या लाईनवरही रूळ खचतो. तेव्हा गँगमन कुणाचा रूळ खचला हे विचारत नाहीत, खडी घालून पॅकिंग करतात. त्यांनी लग्नपत्रिकेच्या पट्ट्या कापायला लावल्या. पाटलांच्या मुलाने स्वतःच्या हाताने एकेक पट्टी पायाखाली सरकवली. चार पट्ट्यांना रूळ समपातळीत आला. इंजिन जोडावरून गेलं तेव्हा नुसता ‘टक्’ आवाज झाला. मग दादाअब्बांनी जोडाजवळ कागदाच्या जाडीएवढी फट ठेवायला लावली. उन्हात लोखंड वाढतं, त्याला जागा लागते. ते रुळांबद्दल बोलत होते. मला मात्र चार घरांची आठवण झाली.

ईदच्या दुसऱ्या दिवशी शिरखुर्मा-बिर्याणीच्या निमित्ताने जे येतील ते मांडवात थांबत होते. पूर्णेहून दादाअब्बांच्या ओळखीचे दोघे निवृत्त रेल्वेवाले आले, एक आपला, एक हिंदू. तिघे त्या न धावणाऱ्या छोट्या लाईनपाशीच बसले. धावणाऱ्या गाडीकडे त्यांचं लक्षही नव्हतं. माझ्या मोठ्या मुलीने वही आणली आणि ते सांगतील ते उतरवून घेतलं. ती वही आता भरली आहे.

या वर्षी मुलांच्या डोक्यात हिजाज रेल्वे आहे. दमास्कसहून मदिन्यापर्यंतची सुमारे 1300 किलोमीटरची ही लाईन सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांनी 1900 साली सुरू केली आणि 1908 साली ती मदिन्याला पोहोचली. तिच्यासाठी जगभरच्या मुसलमानांनी वर्गणी दिली, त्यांत हिंदुस्थानातल्यांचा वाटा मोठा होता. तिच्या दोन रुळांतलं अंतर 1050 मिलिमीटर. मुलांनी 87 ने भागून पाहिलं, बारा मिलिमीटर आले. म्हणजे आमची छोटी लाईनच पुढे वाढवायची! मदिन्याच्या त्या जुन्या स्टेशनात आता संग्रहालय आहे. उमराहला जाणाऱ्यांनी जमलं तर पाहून यावं.

मोबाईल पूर्ण सुटला का? नाही. पण संध्याकाळी तो बाजूला राहतो, असरची अजान झाली की अडॅप्टर बंद होतो आणि नमाजनंतर पुन्हा फळीभोवती सगळे जमतात. दादाअब्बांची बाजही आता फळीजवळ सरकली आहे.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर रेल्वेच हवी असं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने हयातभर जे काम केलं ते निवडा. जिनिंगचा कारखाना असेल, माग असेल, विहिरीवरची मोट असेल. मुलांना त्याची छोटी प्रतिकृती करू द्या आणि चुकू द्या. ती चुकली की बाजेवरचा माणूस बोलेल. फक्त उशीर करू नका. माझ्या सासूबाई स्टेशनसमोरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये अठ्ठावीस वर्षं राहिल्या. त्या क्वार्टरला किती खोल्या होत्या, चूल कोणत्या कोपऱ्यात होती, हे फळीवर दाखवायचं होतं. दादाअब्बांना खोल्या आठवल्या. चुलीचं मात्र ते म्हणाले, “वो तो उसकोच मालूम था.”

ती जागा आम्ही रिकामी ठेवली आहे.