आपल्या अंगणातला ज्वालामुखी

मुलांनो, ज्वालामुखीचं चित्र काढा असं सांगितलं, तर तुम्ही काय काढाल? मला ठाऊक आहे! एक उंच त्रिकोणी डोंगर, त्याच्या टोकाला खड्डा, खड्ड्यातून उसळणारा लालभडक लाव्हा आणि वर काळा धूर. मीसुद्धा चौथीच्या वर्गात फळ्यावर अस्संच चित्र काढलं होतं. वर ठासून सांगितलंही होतं, "असलं काही आपल्याकडे नाही बरं का! ज्वालामुखी बघायचा तर जपानला नाहीतर मेक्सिकोला जायला हवं."

दुसऱ्या दिवशी एक मुलगी दप्तरातून दगड घेऊन आली. माथेरानच्या उतारावरच्या एका वाडीतून ती रोज खाली नेरळला शाळेत येते. दगड काळा होता, भोकाभोकांचा. काही भोकांत पांढरे चमकदार खडे अडकलेले.

"बाई, हा दगड भाजलाय का हो?" तिनं विचारलं.

सगळा वर्ग हसला. मी मात्र हसले नाही, कारण मला उत्तर येत नव्हतं! "उद्या सांगते," म्हटलं आणि घरी जाऊन पुस्तकं काढली. वाचता वाचता लक्षात आलं, की चुकले होते ती मीच. तो दगड खरोखरच आगीतून आला होता. नुसता भाजलेला नव्हे, चक्क वितळलेला!

गोष्ट आहे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची. तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर होते. आपला भारत आशिया खंडाला अजून चिकटलेला नव्हता. हिंदी महासागरात खूप दक्षिणेला होता आणि हळूहळू उत्तरेकडे सरकत होता. त्या वेळी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर येऊन पसरला. तो निवला, त्याचा खडक झाला. काही काळानं पुन्हा नवा रस आला, जुन्या थरावर पसरला. असं किती वेळा झालं! थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. आज उरलेला हा खडक सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. म्हणून आपल्याकडे टोकदार त्रिकोणी ज्वालामुखी दिसत नाही. आपण त्याच्या अंगाखांद्यावरच राहतो, मग तो दिसणार कसा?

मग ठरलं. डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही ज्वालामुखी चढायला निघालो. मुलं होती, काहींचे आईबाबा होते आणि वाट दाखवायला त्या मुलीचे वडील. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 मीटरवर आहे आणि माथेरान सुमारे 800 मीटरवर. म्हणजे चढायचं होतं साडेसातशे मीटरहून जास्त! मिनीगाडीच्या रुळांवरून चालायचं नाही, घाटरस्त्यावर एका रांगेत आतल्या बाजूनं चालायचं, हे आधीच बजावलं होतं.

रस्त्यासाठी डोंगर कापलाय ना, तिथे आम्ही थांबलो. खाली घट्ट काळा कातळ, त्याच्यावर भोकाभोकांचा दगड, पुन्हा घट्ट कातळ. "आई घावन घालते तेव्हा काय होतं?" मी विचारलं. "भोकं पडतात!" सगळे ओरडले. अगदी तसंच! पातळ रस पसरला, की आतली वाफ बुडबुडे होऊन वर येते. लाव्हारसातल्या वायूंचेही असेच बुडबुडे झाले आणि रस निवताना तिथेच अडकले. पुढे कितीतरी काळानं त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपलं आणि पांढरे खडे तयार झाले. आपण त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतो. पण त्यांतले बरेच झिओलाइट नावाच्या खनिजांचे असतात.

मग सगळ्यांनी मान वर करून पाहिलं. उभा कडा, मग थोडा उतार आणि झाडी, पुन्हा उभा कडा. जणू राक्षसाचा जिनाच! घट्ट कातळ लवकर झिजत नाही, त्याचा कडा होतो. भोकाभोकांचा दगड लवकर झिजतो, त्याचा उतार होतो. या खडकाला शास्त्रज्ञ 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यासाठीच्या शब्दावरून आला आहे. कोंडाण्याची लेणी आणि वेरूळचं कैलास लेणंही याच खडकात कोरलेलं आहे.

आता एक गोष्ट सांगते. ती नीट ऐका. एका वळणावर, कड्याला मोठी चमकती गारगोटी दिसली. एक मुलगा वाट सोडून तिकडे चढायला लागला. हातभर अंतर राहिलं असेल. तेवढ्यात त्या मुलीच्या वडिलांनी त्याचा दंड धरून मागे ओढलं. "नको पोरा. दगड सुटलाय तिथला." त्यांनी काठीनं नुसतं ढोसलं, तर घमेलंभर दगड घरंगळत खाली गेले. मुलगा पांढराफटक पडला. खरं सांगू? मीही!

थोडं पुढे गेल्यावर वाडीतली ती मुलगी हळूच म्हणाली, "बाई, इर्शाळवाडीला असंच झालं ना?"

मोठ्यांपैकी कुणीच काही बोललं नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री, धो धो पावसात, आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची ती वाडी दरडीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसं दगावली. कितीतरी जण सापडलेच नाहीत. ज्या मुलीच्या घराच्या वर डोंगर आहे, तिला हे वर्तमानपत्रातून वाचावं लागत नाही.

"हो, तसंच," मी म्हटलं. "लाव्हा कधीच थंड झाला. पण ऊन आणि पाऊस त्या खडकाला अजून फोडताहेत. भेगांत पाणी शिरतं, दगड कुजतो, माती जड होते आणि उतार सुटतो."

माथेरानला पोचलो तर मुलांचे बूट लाल! खाली काळा दगड आणि माथ्यावर लाल माती, हे कसं? तर हा माथ्यावरचा जांभा. काळ्या कातळावर लाखो वर्षं ऊनपाऊस पडला, त्यातले बरेच घटक वाहून गेले आणि लोह मागे राहिलं. लोखंडी खिळ्यासारखा त्याला गंज चढला. तोच हा लाल रंग!

खाली पसरलेलं नेरळ बघताना एकानं विचारलं, "बाई, मग आपला ज्वालामुखी झोपलाय की मेलाय?" आपला विझलाय. भारतातला एकच जागता ज्वालामुखी आहे, अंदमानाजवळच्या बॅरन बेटावर. तो बरीच वर्षं शांत होता आणि 1991 साली पुन्हा जागा झाला. मेक्सिको शहरापासून सुमारे 70 किलोमीटरवर पोपोकातेपेत्ल नावाचा पाच हजार मीटरहून उंच ज्वालामुखी आहे. 1994 साली तो जागा झाला, तेव्हापासून त्याच्या माथ्यावर चढायला बंदी आहे. तिथल्या गिर्यारोहकांना आगीसाठी थांबावं लागतं, आपल्याला पावसासाठी. डोंगर 'थांब' म्हणाला, की थांबायचं.

तेव्हा आईबाबांनो, मुलांना डोंगरावर जरूर न्या. पण अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी नको. वाटेची माहिती असलेलं स्थानिक माणूस बरोबर हवंच. पाणी भरपूर घ्या, अंधाराआधी खाली उतरा. आणि मुलांनो, कड्यावरची गारगोटी कड्यावरच राहू द्या. ती तिथे किती वर्षं आहे, आठवतंय ना?

सोमवारी मी फळ्यावर पुन्हा चित्र काढायला घेतलं. पण या वेळी खडू त्या मुलीच्या हातात दिला. तिनं त्रिकोण काढलाच नाही. एकावर एक थर काढले, मधे एक छोटंसं घर काढलं आणि खाली लिहिलं, 'आमचा ज्वालामुखी'.

तुमच्या गावच्या नदीतला, शेतातला नाहीतर घराच्या जोत्याचा दगड आज नीट बघा. काळा आहे? भोकं आहेत? मला पत्रानं कळवा हं! आणि तुमच्या बाईंना एखादं उत्तर आलं नाही, तर हसू नका. उद्यापर्यंत वाट बघा.