गरी टाकू, पण चढणीची वाट सोडू



मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की आपल्या मुळगावात मुलांचे पाय घरात ठरत नाहीत. व्हाळ भरतात, शेतात पाणी चढते आणि त्याबरोबर चढणीचे मासे येतात. मग जाळी निघतात, बांबूचे सापळे निघतात. हा आनंद आम्हीही लहानपणी लुटला आहे. म्हणूनच आज थोडे स्पष्ट लिहितो.

खवळे, थिगूर असे मासे या दिवसांत शेतात चढतात ते अंडी घालण्यासाठी. आपण व्हाळाच्या तोंडावर जाळे आडवे बांधतो, तेव्हा अंड्यांनी भरलेली मादीच आधी सापडते. एका जेवणासाठी आपण पुढच्या वर्षीचे मासे संपवतो.

तलावातील रोहू, कटला यांची गोष्ट वेगळी. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन अशा माशांची पैदास करून दाखवली. तेव्हापासून त्यांचे बीज केंद्रात तयार करून तलावांत आणि धरणांत सोडता येते. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. तलावातला रोहू संपला तर पुन्हा सोडता येईल. आपल्या व्हाळातला खवळा कुठल्या केंद्रातून आणणार?

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच : जिथे परवानगी असेल तिथे गावकऱ्यांनी आणि बाहेरून येणाऱ्या हौशी पाहुण्यांनी तलावात खुशाल गरी टाकावी. गरीला एका वेळी एकच मासा लागतो, लहान असला तर सोडता येतो, आणि मुले धीर धरायला शिकतात. मात्र चढणीच्या दिवसांत व्हाळ अडवू नये. समुद्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते, ती याच कारणासाठी. मग व्हाळातल्या माशांना निदान पहिल्या पुराचे चार दिवस तरी का देऊ नयेत?

आणखी एक गोष्ट. पाण्याने भरलेला खाणीचा खड्डा म्हणजे तलाव नव्हे. त्याचे काठ सरळ तुटलेले असतात, माती ढासळते आणि खोलीचा अंदाज येत नाही. तिथे गरी घेऊन कोणीही जाऊ नये. पालकांनी हे मुलांना बजावून सांगावे.

विश्वस्तांना आमची विनंती आहे की, जूनमध्ये शाळा भरताच जाणत्या गावकऱ्यांना बोलावून मुलांना माशांची ओळख करून द्यावी. मुलांनी ठरवले तर मोठ्यांनाही ऐकावे लागेल. आजोबांनी पाहिलेला खवळा नातवंडांनाही दिसावा, एवढीच आमची इच्छा.